मी रस्त्याच्या अलीकडे होतो

सुलभाताई,

परवा ठाण्याला तुमची शोकसभा झाली. वाचनालयाच्या त्याच खोलीत. पंखा लावला की पत्रकं उडतात आणि बंद केला की माणसं उठतात, असं तुम्ही जिच्याबद्दल म्हणायचात ती खोली. पंखा बंद होता, तरी कोणी उठलं नाही. एवढी माणसं आपल्या बैठकीला कधी आली असती तर तुम्ही त्यांना चहाच्या आधी कामाला लावलं असतंत.

समोर तुमचा मोठा फोटो होता. डोंबिवलीच्या फडके रोडवर तुम्ही उभ्या आहात, हातात कोरी पाटी, आजूबाजूला कोणी नाही. खाली आर्याने ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं: 'एकटी उभी राहिली.' आता आपली समिती तीच चालवते, आणि चांगली चालवते. भाषणंही त्याच सुरात झाली. सगळे कचरले, समितीने कार्यक्रम रद्द केला, पण या बाईने कुणाला जुमानलं नाही. एकाने तर कोऱ्या पाटीचा अर्थही सांगितला. शब्द थकतात तिथे वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शोकसभा आहे हे आठवून मध्येच थांबवल्या.

मग मला पुकारलं. "दामलेकाका, तुम्ही त्यांचे सर्वांत जुने सहकारी." मी माईक हातात घेतला, "मला जमणार नाही" म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मी गहिवरलो नव्हतो, ताई. घाबरलो होतो. जे बोललं जात होतं ते खरं नाही हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. दुसरं ज्या व्यक्तीला माहीत होतं ती भिंतीवर होती.

म्हणून हे लिहितो आहे. लिहून झालं की आर्याला देणार आहे, आपल्या पत्रिकेत छापायला.

आपली ओळख कुठे झाली हे आठवतं का? त्याच खोलीत, युद्धविरोधी मोहिमेच्या पहिल्या बैठकीत. मी नुकताच एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झालो होतो आणि देश बदलायला मोकळा होतो. भिंतीवर नकाशा लावून मी समजावत होतो की कोचीपासून गुवाहाटीपर्यंत सगळ्या शहरांनी एकाच दिवशी, एकाच वेळी रस्त्याच्या कडेला तासभर मूक उभं राहायचं. पाच म्हणजे पाच. तरच त्याला वजन येईल. मागच्या रांगेतून तुमचा आवाज आला. "देशाचं घड्याळ तुम्ही सांभाळा, सेक्रेटरी. आमच्या बिल्डिंगचं मी बघते." मी तेव्हा सेक्रेटरी नव्हतो. तुम्ही म्हणालात म्हणून झालो, कारण दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नव्हतं.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी पत्रकं छापायचो, इतर शहरांशी फोनवर बोलून वेळा जुळवायचो, पोलीस चौकीत अर्ज द्यायचो. तुम्ही घरोघर जायचात. "पत्रक दारातून सरकवलं की केरात जातं. माणूस दारात बसला की चहा होतो," हे तुमचं म्हणणं. आणि चहा व्हायचाच. डोंबिवली पश्चिमेच्या त्या फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदारांनी दार उघडून ठणकावलं होतं, "युद्ध नको म्हणणाऱ्यांना या घरात चहा मिळणार नाही." तुम्ही म्हणालात, "नको चहा. पाणी द्या, तीन जिने चढून आलेय." पाणी आलं. मग खुर्ची आली. मग थंडीने गेलेल्या पायाच्या बोटांची हकीगत आली, जी म्हणे त्यांनी बायकोलासुद्धा नीट सांगितली नव्हती. पुढच्या वेळी ते आपल्याबरोबर आले. पाटी धरली नाही. तासभर मागे उभं राहून दोन म्हाताऱ्या बायकांवर छत्री धरली. मी अहवालात लिहिलं, 'एका माजी सैनिकाचा पाठिंबा.' तुम्ही वाचून इतक्या हसलात की मला राग आला. "अहो दामले, पाठिंबा कसला? त्यांनी छत्री धरली. छत्री धरली असं लिहा की."

तुम्ही आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतात. म्हणूनच असेल, स्मार्टफोन घ्यायला तुम्ही तयार नव्हतात. "जन्मभर लोकांचे फोन जोडले. आता मला कुणाशी बोलायचं असेल तर मी नंबर फिरवीन." तुमचा तो बटणांचा फोन. आपला व्हॉट्सअप ग्रुप झाला तेव्हा सगळ्यांना निरोप तिथे जायचे, तुम्हाला सोडून. तुम्हाला फोन करायचं काम माझं होतं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. आपण दोघं डोंबिवलीचे, एवढंच कारण.

पाट्या मात्र तुमच्याकडे असायच्या. माळ्यावर. प्लायवूडच्या, तुम्हीच रंगवलेल्या, परकराच्या नाडीने जुडी करून बांधलेल्या. प्रत्येकाची ठरलेली. माझ्या अंगठ्याचा सांधा दुखतो म्हणून माझ्या पाटीच्या दांड्याला तुम्ही जुन्या पातळाची पट्टी गुंडाळून दिली होती. "ही सेक्रेटरींची शाही पाटी, हिला कोणी हात लावायचा नाही," असं सगळ्यांसमोर जाहीर करून. मला संकोच वाटला होता. बायको गेल्यावर माझं काय दुखतं हे कोणी लक्षात ठेवलं नव्हतं.

आता तो शनिवार.

सीमेवर पुन्हा पेटलं होतं आणि देशभर रविवारी उभं राहायचं ठरलं होतं. आपली जागा फडके रोड. शनिवारी दुपारी बातमी आली की शहाडकडचा एक जवान गेला. त्याचं पार्थिव रविवारी संध्याकाळी कल्याणला येणार होतं. वातावरण तापलं होतं. संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला आणि म्हणालो, उद्याचं रद्द करावं लागेल बहुतेक.

तुम्ही म्हणालात, "उलट उद्या तर उभं राहायलाच हवं. फक्त पाट्या उलट्या धरू. कोरी बाजू पुढे. त्या मुलाच्या आईसाठी."

"लोक मारतील, ताई."

"म्हाताऱ्यांना कोणी मारत नाही हो. फार तर ढकलतात."

"हा विनोद आहे का? पंधरा माणसांची जबाबदारी आहे माझ्यावर."

"म्हणून तर म्हणते, पंधराच्या पंधरा येऊ. घरी बसलो तर त्यांना वाटेल, आपल्याला त्या मुलाचं काहीच नाही."

आणि मग मी ते बोललो. "तुम्हाला ना, ताई, गर्दीत एकटं उठून दिसायची हौस आहे."

फोनवर तुम्ही गप्प झालात. फोनवर तुम्ही कधी गप्प होत नसायचात, तुमच्या धंद्यात ते बसत नव्हतं. मग अगदी शांतपणे म्हणालात, "समितीने नाही म्हटलं तर मी येणार नाही. शिस्त मलाही कळते. फक्त नाही असेल तर नाही म्हणून कळवा. फोन करा." आणि ठेवलात.

हे वाक्य दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवतो. तुम्ही समितीला डावलणार नव्हतात. तसं तुम्ही स्वच्छ सांगितलं होतं, मला.

रविवारी सकाळी समितीने कार्यक्रम पुढे ढकलला. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. यावर तुम्ही असतात तर आत्ता पुन्हा भांडलो असतो. ग्रुपवर अंगठे उमटले. अध्यक्षांनी लिहिलं, 'सुलभाताईंना दामले कळवतील.' मी 'हो' लिहिलं.

आणि कळवलं नाही.

विसरलो नाही, ताई. विसरलो असतो तर हे लिहिणं सोपं होतं. दोनदा फोन हातात घेतला. आदल्या दिवशी बोललो त्याची लाज वाटत होती. आणि लाज वाटत होती म्हणून राग येत होता. वाटलं, मी फोन केला की ताई त्या ऑपरेटरच्या आवाजात 'बोला' म्हणणार, आणि मी पाच मिनिटांत त्यांच्या बाजूला जाणार. मग वाटलं, शहाण्या आहेत, बातम्या बघून समजतील. मग वाटलं, जेवून करू. जेवलो आणि आडवा झालो. झोप लागली नाही. डोळे मिटून मी पाच वाजायची वाट बघत होतो, ही खरी गोष्ट.

पाचच्या सुमाराला शर्ट चढवून निघालो. फडके रोडवर देवळाच्या अलीकडे गजरेवाल्याची मोठी छत्री असते, तिथे येऊन थांबलो. समोर, रस्त्याच्या पलीकडे, तुम्ही होतात. पायाशी पाट्यांची सगळी जुडी. रिक्षावाल्याने उतरवून दिली असणार. तुमच्या हातात तुमची पाटी, कोरी बाजू पुढे. तुम्ही रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत होतात. आमची वाट बघत होतात.

मग झेंडे लावलेल्या मोटारसायकली आल्या. कल्याणकडे निघालेली पोरं. थांबली. एकाने फोन वर धरला. दुसरा ओरडला, "आजी, शरम नाही वाटत? आज आपला जवान आलाय आणि तुमची नाटकं!" तुम्ही काय म्हणालात ते मला पलीकडून ऐकू आलं नाही, नंतर व्हिडिओत ऐकलं. "मी त्याच्यासाठीच उभी आहे, बाळा. नाव काय रे त्याचं?" तो चाचरला. त्याला नाव माहीत नव्हतं. मग त्याने तुमच्या हातातली पाटी ओढली आणि गुडघ्यावर मोडली.

तुम्ही वाकलात. जुडीची नाडी सोडलीत, दुसरी पाटी काढलीत, कोरी बाजू पुढे करून उभ्या राहिलात. दांड्याला पातळाची पट्टी गुंडाळलेली होती. तुम्ही माझी पाटी काढली होती.

एवढं मला तिथून स्पष्ट दिसलं. मी रस्ता ओलांडला नाही. गजरेवाला म्हणाला, "काका, त्या तुमच्या ओळखीच्या का?" मी म्हणालो, "नाही." आणि घरी आलो.

रात्रीपर्यंत व्हिडिओ सगळीकडे गेला. अध्यक्षांचा फोन आला. "दामले, त्यांना कळवलं होतंत ना?" मी म्हणालो, "हो." खुलाशाचा मसुदा मीच लिहिला, सेक्रेटरी म्हणून. 'समितीचा निर्णय माहीत असूनही सदर सदस्याने तो डावलला. या कृतीशी समितीचा संबंध नाही.' त्यातले 'माहीत असूनही' हे दोन शब्द अध्यक्षांनी सांगितले नव्हते. ते माझे आहेत.

त्यानंतर तुमच्यावर काय आलं ते मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कोणीतरी काहीबाही लिहिलं. संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. ज्यांच्या दारात तुम्ही वर्षानुवर्षं बसलात त्यांनी साखळी लावून आतूनच "बाहेर गेलेत" म्हणून सांगितलं. तुमचं सगळं काम दारातलं होतं, ताई. माझ्या दोन शब्दांनी दारंच बंद झाली. मी तरीही गप्प बसलो. रिकामा वेळ होता म्हणून पुढच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक केलं. ते फार सुबक झालं होतं.

एक दार मात्र तुम्ही उघडून घेतलंत. त्या जवानाच्या घरी, शहाडला गेलात. हे तुम्ही मला बऱ्याच दिवसांनी सांगितलंत. त्याची आई म्हणाली होती, "तुमचं म्हणणं मला पटत नाही. पण आलात तर बसा." तुम्ही बसलात. त्यानंतर दर महिन्याला जात राहिलात. "पटलं का त्यांना?" असं मी विचारलं. "नाही," तुम्ही म्हणालात. "परवा कैरीचं लोणचं दिलं. पटलं नाही."

हे बोलणं झालं, कारण तोपर्यंत तुमचे फोन पुन्हा सुरू झाले होते. काही महिने बंद होते. मग एका संध्याकाळी फोन वाजला. "हॅलो, सेक्रेटरी आहेत का?" जणू मध्ये काही झालंच नव्हतं. त्यानंतर रोज दिवेलागणीला. तुम्ही खुलाशाचं नाव काढलं नाहीत आणि मी काढू दिलं नाही. आज काय केलंत, भाजी कोणती, अंगठा कसा आहे. त्या फोनसाठी मी दुपारनंतर कुठे जायचं टाळायचो, हेही आता सांगून टाकतो. माझ्या घरात संध्याकाळी दुसरा आवाज तेवढाच होता.

मग नवी मुलं आली. दुसऱ्या देशातलं एक युद्ध टीव्हीवर दिसायला लागलं आणि कॉलेजची पोरं आपल्याकडे वळली. त्यांनी तो जुना व्हिडिओ शोधून काढला. ज्या गोष्टीसाठी तुम्हाला वाळीत टाकलं होतं तीच आता तुमची थोरवी झाली. "आजी लिजंड आहे यार," आर्या माझ्यासमोर म्हणाली. "पूरी कमिटी एक तरफ, आजी एक तरफ." माझं खोटं उलटं फिरून तुमच्या गळ्यात हार होऊन पडलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, झालं ते चांगलंच झालं की. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवून घेतो बघा.

मागच्या महिन्यात तुमच्या मुलीचा फोन आला. आई आता फार दिवस नाही, भेटून जा. मी येताना रिक्षात वाक्यं जुळवत आलो. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात, हात पार काडीसारखे झालेले. मी म्हणालो, "ताई, त्या रविवारी—"

"निळा शर्ट होता तुमचा," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही पाहिलंत मला?"

"गजऱ्यांच्या छत्रीखाली. मला वाटलं, आता येतील. मग वाटलं, गाड्या जाऊ देत म्हणून थांबलेत."

तुमच्या मुलीने आतून विचारलं, काका चहा घेणार ना. तुम्ही म्हणालात, "घेतील. कमी साखर."

मी म्हणालो, "मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? एवढं सगळं सोसलंत."

"काय सांगायचं? दामल्यांना रस्ता ओलांडता येत नाही?" तुम्ही हसलात आणि खोकला आला. तो थांबल्यावर म्हणालात, "पहिल्यांदा फार राग आला होता. मग म्हटलं, फोन त्यांचा आहे, ते करतील. आमच्याकडे एक्स्चेंजमध्ये समोरच्याने उचलेपर्यंत वाजू द्यायची पद्धत होती." थोडं थांबून पुढे म्हणालात, "पण मला शूर म्हणतात ना, त्याचा कंटाळा आलाय हो. मी एकटी उभी राहायला गेलेच नव्हते. सगळ्यांच्या पाट्या उचलून नेल्या होत्या की मी. एवढ्या जड."

मी म्हणालो, "मी सांगेन सगळ्यांना."

"सांगाल," तुम्ही म्हणालात. "मी गेल्यावर."

मी रागावलो. नाही, आधी सांगेन, म्हणालो. तुम्ही डोळे मिटले होते. ओठांवर तेच ते मला चिडवतानाचं हसू होतं. आणि झालं तुम्ही म्हणालात तसंच. याही वादात तुम्ही जिंकलात, ताई. हा एक वाद मी जिंकायला हवा होता.

काल आर्याला बोलावून हे सगळं तोंडी सांगितलं. तिने फोनवर तोच फोटो काढला. मग म्हणाली, "काका, आता कशाला? आजींना लोक मानतात. ही स्टोरी गेली तर काय उरतं?"

मी तिला फोटो नीट बघायला लावला. व्हिडिओतून काढताना कडेने कापलाय म्हणून जुडी दिसत नाही. पण दांडा दिसतो. "हे काय गुंडाळलंय?" तिने विचारलं. मी म्हणालो, "पातळाची पट्टी आहे. माझा अंगठा दुखतो म्हणून. ती माझी पाटी आहे."

ती फोटोकडे बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "लिहून द्या. छापते. पण काका, लोक तुम्हाला बोलतील."

"बोलू देत. म्हाताऱ्यांना फार तर ढकलतात."

तुमच्या मुलीने माळा आवरताना जुडी माझ्याकडे पाठवली आहे. एक पाटी कमी आहे, बाकी सगळ्या आहेत. दाराच्या मागे उभ्या केल्यात. दिवेलागणीला फोन वाजत नाही तेव्हा मी उगाच त्यांच्याकडे बघत बसतो. माझ्या पाटीची पट्टी मळली आहे, पण सुटलेली नाही. तुम्ही गाठ पक्की मारली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा देशभर उभं राहायचं ठरलं आहे. आपली जागा तीच. ज्यांच्याकडे साधे फोन आहेत त्या सगळ्यांना मी स्वतः फोन केलेत, उचलेपर्यंत वाजू दिलेत. पाट्या मी नेणार आहे. जड आहेत खऱ्या.

आज सकाळी गजरेवाल्याच्या छत्रीपाशी जाऊन उभा राहिलो. त्याने मला ओळखलं नाही. समोर तुमची जागा रिकामी होती, माणसं तिच्यावरून चालत जात होती. गाड्यांमध्ये जरा फट पडली तेव्हा मी पलीकडे गेलो. वाटला होता त्याहून रस्ता फार अरुंद आहे, ताई.